अहिराणी सिनेमाला अनुदान मिळालं, अब्बा

अब्बा, सरकारनं माझ्या सिनेमाला अनुदान दिलं. चार दिवस झाले बातमी येऊन, पण मी अजून घरात नीट बसलेली नाही. भाजी चिरता चिरता उठते, गच्चीवर जाते, खाली येते. शेजारची म्हणाली, अंगात वारं शिरलंय का? म्हटलं, शिरलंय. आज मात्र ठरवून बसले आहे. पत्र मराठीतच लिहिते, कारण तुम्हाला वाचता येत होतं ते मराठीच, शाळेत चार इयत्तांत शिकलेलं.

धुळ्याच्या आपल्या गल्लीतलं तुमचं दुकान आठवतं. लोक कपडे शिवायला आले की तुम्ही दुसऱ्या शिंप्याकडे पाठवायचात. तुम्ही शिवायचात ते जत्रेतल्या फिरत्या टॉकीजचे तंबू आणि पांढरे पडदे. एकदा नवा पडदा अंगणभर पसरलेला, आणि मी शाळेतून येऊन त्यावरून धावत गेले. तुम्ही मशीनवरून ओरडलात, "अरे, ये जमीन नहीं है, पर्दा है!" मग मला जवळ ओढून म्हणालात, "कल इसपे राजा आएगा, रानी आएगी, और लोगों को तेरे पैर दिखेंगे क्या?" मी रडले. तुम्ही ओल्या फडक्यानं पडदा पुसत बसलात, आणि त्याच वर्षी मुक्ताईनगरच्या यात्रेत मला टॉकीज बघायला घेऊन गेलात. समोर बसायला जागा असताना तुम्ही मला पडद्यामागे नेलंत. उलटी अक्षरं, डाव्या हातानं तलवार चालवणारा हिरो. मी हिरो बघते आहे आणि तुम्ही मान वर करून शिवण बघताय. "दिखी क्या?" तुम्ही विचारता. मी म्हणते, नाही. तुम्ही हसता. सिनेमा कुणीतरी हातानं बनवतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तर माझा सिनेमा. शिरपूरकडची एक बाई हरवलेली म्हैस शोधत आठवड्याचे बाजार पालथे घालते, एवढीच गोष्ट. सगळी अहिराणीत. पैसा घातला नानांनी. नाना कापसाचे शेतकरी, सिनेमाचा गंध नाही, पण गोष्ट ऐकून इतके हसले की गोठ्यातली स्वतःची म्हैसच शूटिंगला देऊन टाकली. बाईचं काम केलं अक्कांनी. त्या तिथल्याच शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवतात. कॅमेरा सुरू झाला की त्या कॅमेऱ्यालाही रागावायच्या.

सिनेमा तयार झाला आणि मुंबईच्या एका जाणकारानं नानांना सांगितलं, की अनुदान मराठी सिनेमाला असतं. बोलीतला सिनेमा समितीला कळणार नाही, सगळं शुद्ध मराठीत डब करून घ्या. नाना घाबरले. अनुदान नाही मिळालं तर दुसरा सिनेमा विसर, असं त्यांनी मला स्पष्टच सांगितलं. त्यांचंही चुकत नव्हतं. म्हणून जळगावला रेकॉर्डिंगची खोली घेतली. अक्का कानाला हेडफोन लावून उभ्या राहिल्या. "माझी म्हैस कुठे आहे? मला कृपया सांगा," असं त्या बोलल्या, अगदी स्वच्छ. ते आम्ही पडद्यावर लावून बघितलं. अक्कांनी हेडफोन काढला.

"नाना, हाई बाई जित्ती नही शे," त्या म्हणाल्या.

"अक्का, पन सरकारले समजाले पाहिजे ना?"

"म्हैस दवडनी, हाई कोणले समजाव नही?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय म्हणस?" मी म्हटलं, आहे तसाच पाठवू.

मुंबईत परीक्षण समिती सिनेमा बघते आहे आणि आम्ही तिघं बाहेर बाकावर. आत जायची परवानगी नाही. चहावाला दार उघडतो तेव्हा आतला आवाज येतो. पहिल्यांदा उघडलं, शांत. नाना डोळे मिटून बसले. दुसऱ्यांदा उघडलं आणि आतून हसू असं भसकन बाहेर आलं, की अक्कांनी माझा दंड पकडला. वळ उमटला होता. तेवढ्यात समितीतल्या एक बाई फोन कानाला लावून बाहेर आल्या, चांगल्या वयस्कर, पुण्याकडचं बोलणं. दोन वाक्यं बोलून म्हणाल्या, "नंतर करते गं, म्हैस सापडतेय बहुतेक!" आणि जवळजवळ पळतच आत गेल्या. नाना तिथं बाकावरच रडायला लागले.

निकाल आला तेव्हा मी बाजारात वांगी निवडत होते. नानांचा फोन. "भेटनं! अनुदान भेटनं वं बाई! अ दर्जा!" वांगी तिथंच टाकून मी सरळ शिरपूरची बस धरली. अक्का शाळेत चुलीपुढे होत्या. ऐकून त्यांनी पळी बाजूला ठेवली, मला मिठी मारली, मग मुलांच्या ताटात खिचडी वाढता वाढता विचारलं, "मंग आते पुढला सिनेमा कव्हय?"

पुढला सिनेमा लिहायला घेतलाय, अब्बा. त्यात एक शिंपी आहे. माणूस डोळ्यांपुढे उभा आहे, त्याचं चालणं, दातात धरलेला दोरा, सगळं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथंच सांगते: तुमचे शब्द मला एकूणएक आठवतात, पण आवाज आठवत नाही. तो कसा होता ते शोधायला मी हल्ली धुळ्यातल्या एकेका म्हाताऱ्या शिंप्याकडे कापड घेऊन जाते, आणि माप देता देता त्याला बोलतं करते. अजून एकही तुमच्यासारखा बोललेला नाही. कुर्ते मात्र इतके झालेत की कपाटाचं दार लागत नाही.