माजावरचा नर

पौड, ९ जानेवारी १९६०
सकाळीच गुरांच्या दवाखान्यापुढे गर्दी. जीवीबेनच्या नर उंटाने बाजारात गावच्या महादूचा दंड दातांत धरला. हाड शाबूत, मांस फाटलं. महादूला पुण्याला धाडलं. उंट माजावर आहे. तोंडाला फेस, गालफडातून गुलाबी फुगा बाहेर, घशात गुडगुड. लोक म्हणतात, गोळी घाला.
मला आधी काय सुचलं ते इथे तरी लिहितो. माजावरच्या प्रौढ नराचं वृषण. त्यावाचून माझा प्रबंध अडलाय.

१० जाने.
जीवीबेन कच्छची, विधवा. दर हिवाळ्यात मेंढ्या नि तीन सांडण्या, म्हणजे उंटिणी, घेऊन या बाजूला येते. नर हा एकच. तिला म्हटलं, खच्ची केला की गाव गप्प बसेल.
"दुसरा इलाज नाय, दाक्तर?"
नाही म्हणालो.
होता. तोंडाला जाळी घालून गावाबाहेर बांधायचा. थंडी सरली की माज आपोआप उतरतो.

११ जाने.
केलं. ड्रेसर कोंडिबाने चौघांना हाताशी घेऊन पाय बांधले. जीवीबेन त्याच्या मानेशी बसून कच्छीत काहीतरी बोलत होती. मी लगेच वृषणाचे तुकडे करून नमुना टिकवायच्या पिवळ्या द्रवात टाकले.
"सायेब, हे पुरायचं न्हाई व्हय?" कोंडिबा.
"पुण्याला न्यायचंय."
संध्याकाळी ती लोटाभर दूध देऊन गेली. उपकार झाले म्हणाली. माझी बोटं अजून पिवळी.

२८ जाने., पुणे
सूक्ष्मदर्शकाच्या काचा तयार झाल्या. इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. वृषणातल्या नळीच्या भिंतीशी गोल पेशी, आत येता येता लहान होत गेलेल्या, मग लांबट, आणि मध्यभागी शुक्रजंतूंच्या शेपट्यांचे झुबके. सगळे टप्पे एका काचेवर. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "नशीब लागतं असा नमुना मिळायला."
मान हलवली. दुसरं काय करणार.

२ फेब्रु., पौड
बायकोला, मालूला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.
"माज उतरतो हे तिला बोललात?"
"नाही."
"आणि ती दूध देऊन गेली." सूप उचलून आत गेली.

५ फेब्रु.
जीवीबेनचा तळ मुळशीच्या तलावाकडे आहे कळलं, गेलो. खच्चीची जखम भरलीय. उंट शांत चरत होता. तिला खरं ते सांगितलं. ती सांडणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.
"त्याचं तुझ्याकडे काय हाय आता?"
"काचेवर. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ."
"तुमी दाक्तर गाईला वळूबिगर नळीनं भरवता. तसं त्यातनं पिल्लू होईल?"
"नाही. ते मेलेलं आहे."
"मग माझ्या काय कामाचं," म्हणाली. "दोन सांडण्या रिकाम्या हायेत, गाभण न्हाईत. नर आण. थंडी हाय तवर."
थंडी आता कितीशी उरली.

१३ फेब्रु.
नर शोधत रोज कुठेतरी सायकल. महाळुंग्याला कोणी उंटवाले नाहीत. सरांचा निरोप, लेख लिहायला घ्या. कागद पुढे घेतला, "शस्त्रक्रिया आवश्यक असल्याने" इतकं लिहून थांबलो. खोडलं.

१९ फेब्रु.
कोंडिबाने बातमी आणली. "नेऱ्याच्या माळाला उंटवाले उतरल्यात. नर हाय, पर लई म्हातारा." गेलो. मालक नर द्यायला कबूल झाला.

२२ फेब्रु.
नर मुळशीला पोचवला. तळावरचे लोक बघायला जमले होते. जीवीबेनने त्याचं तोंड उघडून पाहिलं, मानेमागचा माजाचा ओलावा बोटाने पुसून हुंगला.
"वास कमी हाय. माज उतरत आलाय."
मला तिच्याआधी दिसलं होतं.
तिने सांडणीला बसवलं. नर दोनदा जवळ जाऊन परत फिरला.
"राहू दे चार दिस," म्हणाली. "तू जा. तू हितं उभा नको राहू."
निघालो. वळणापर्यंत मागे माजाची गुडगुड ऐकू येते का, कान देत होतो.