भरती आणि उधाण

तीर्थरूप बाबांस, बकुळचा काशीहून साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत, हे आधी वाचा. गेल्या आठवड्यात गंगेचं पाणी संकठा घाट चढून आमच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलं. हे रेल्वेत ड्यूटीवर होते. मी पडले किनाऱ्यावरची पोर! भरती आहे, दुपारी उतरेल म्हणून ट्रंक खाटेवर ठेवली आणि खुशाल भात रांधत बसले.

घरमालकीण सुनीतीकाकू धावत आल्या. "अगं, ही बाढ आहे, अशी दुपारी जायची नाही. चल ऊपर!" ट्रंकही त्यांनीच उचलली. पाणी ओसरेपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच जेवलो. आई असती तर तिनंही याहून जास्त काय केलं असतं?

जेवताना त्यांना तुमची शिकवण सांगितली. भरती रोजची, तिला दोर सैल सोडायचा. उधाण पुनव-अवसेचं, त्याला होडी वर ओढायची. काकू हसल्या, "मग आमच्या गंगेला उधाणच समजत जा."

तुमचा गुडघा कसा आहे? नारळी पुनव जवळ आली. होडी ओढताना एका बाजूला तुम्ही असायचात, दुसऱ्या बाजूला मी. यंदा उधाणाला त्या बाजूला कोण आहे, तेवढं कळवा.

तुमची लेक,
बकुळ