नात्यातलं लग्न

बाबा, सगळं बदललं ते तिने चहाचा कप खाली ठेवून विचारलं तेव्हा. हॉस्पिटलचं कँटीन, भर दुपार, शेजारच्या टेबलावर एक म्हातारे सरदारजी पराठा खात बसलेले. "एक बात पूछूँ? बुरा तो नहीं मानोगे? मम्मी-पापा शादी से पहले रिश्तेदार तो नहीं थे?" मी म्हणालो, "नहीं." इतक्या झटकन म्हणालो की तिच्या जागी मी असतो तर मला तिथेच संशय आला असता. मग वर आवाज चढवला, "तुम्हें कहना क्या है?" सरदारजींनी मान वर केली. ती म्हणाली, "कुछ नहीं. चाय पियो."

ती कोण, ते आधी सांगतो. पंजाबातल्या रोपडकडची आहे, डोळ्यांच्या विभागात संशोधन करते. ताईला अंधार पडला की दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. आता दिवसाही नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, बाजूने कुणी आलं तर पत्ता लागत नाही. डॉक्टर म्हणाले, हा आईबापाकडून आलेला आजार आहे, कुठल्या जीनमुळे झाला ते शोधावं लागेल. त्या शोधासाठी या मुलीने ताईचं, आईचं आणि माझं रक्त घेतलं. ताईच्या रक्तातला डीएनए मशीनवर अक्षर अक्षर वाचायचा, आणि काही सापडलं की आमच्याशी ताडून बघायचं, असं ती समजावत होती. मी काय ऐकणार? मी तिच्या हाताकडे बघत होतो. "इंजीनियर साब, हाथ ढीला छोड़ो, जान नहीं ले रही," म्हणाली. दुसऱ्या वर्षाला विभागप्रमुखांशी भांडून मी कॉलेज सोडलं, आणि आता चंडीगडच्या सेक्टर बावीसमध्ये मोबाइलच्या काचा बदलतो, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तरी ती मला इंजीनियरच म्हणते. प्रेमाने की टोमणा मारून, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दुपारनंतर तर काहीच कळेनासं झालंय. त्याआधी ती स्वतःहून चहाला थांबायची, तुमचं गाव कसं आहे, आजी-आजोबा कुठले, लग्नं कशी होतात तुमच्याकडे, असं विचारायची. मी वेड्यासारखा सांगत सुटायचो आणि घरी येऊन झोपायचं सोडून तेच आठवत बसायचो. आता वाटतं, ती माझी चौकशी करत होती की आमच्या रक्ताची? प्रश्न परत विचारायचाच होता तर तपासणीच्या खोलीत, आईसमोर का नाही विचारला? मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आंटी को बुरा लगता, इसलिए तुमसे पूछा." हे खरंही असेल. पण घरी फोन करण्याआधी पोराला गाठून माहिती काढणारे पोलीसही असंच गोड बोलत असतील.

तिने त्याच दुपारी कागदी रुमालावर पेनाने दोन रेघा काढून मला समजावलं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची, आणि त्यांच्यात बारीकसारीक फरक असतोच. ताईच्या डीएनएमध्ये लांबच्या लांब पट्टे असे आहेत की दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या, जणू एकाच घरातून आल्यात. "रिश्तेदारी हो तो मैं बस इन्हीं हिस्सों में ढूँढूँगी. मिल सकता है." पण आईने तर आधीच नातं नाही म्हणून सांगितलेलं. घरचे सांगतात एक आणि मशीन दाखवतं दुसरं, मग तिचे सर म्हणतात, हा गोंधळ मिटेपर्यंत या कुटुंबाचं काम बाजूला ठेवा. हे ऐकूनही मी नाहीच म्हणालो, बाबा.

कारण मला चंडीमंदिरच्या छावणीतली ती संध्याकाळ आठवली. मी दुसरीत असेन. क्वार्टरच्या मागे शेजारची आंटी मटार सोलतेय, मी तिच्या ताटातले दाणे खातोय. ती मस्करीत विचारते, "तेरे मम्मी-पापा की लव मैरिज है क्या रे?" आणि मी मोठ्या ऐटीत सांगतो, "नहीं आंटी, मम्मी तो पापा के मामा की बेटी है." तिचा हात तिथेच थांबतो. "हाय रब्बा! फिर तो बहन लगी!" आपल्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची बायको, तिच्याकडे ती सख्ख्या बहिणीसारखी. दोन दिवसांत क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीला कळलं. युनिटमध्ये कुणीतरी तुम्हाला विचारलं, "सुभेदार साब, भाभीजी कहें या बहनजी?" तुम्ही घरी आलात, बूट काढले नाहीत, तसेच दारात उभे राहिलात. मला वाटलं मार बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "घरातलं घरात ठेवायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, नात्यात नाही. कळलं?" मग आईकडे बघून, "तुलाही सांगतोय." आई मान खाली घालून भाकरी थापत राहिली. त्याच आठवड्यात तुम्ही ताईला तो हिरवा फौजी टॉर्च आणून दिलात आणि म्हणालात, "बघून चालत जा गं, किती धडपडतेस." तुम्हाला तेव्हा काही कळलं होतं का? मला शंका येते. तुमच्या मावशीलाही रात्री हाताला धरून न्यावं लागायचं, हे आई परवा सहज बोलून गेली.

आणि आता साताऱ्याहून आत्याचा फोन. "भावाची लेक आहे, डोळे कसेही असोत, माझ्या पोराला करून घेते. बाहेरचे काय बघणारेत तिला?" आईच्या डोळ्यांत पाणी. मला मात्र दुसरंच सुचलं. आत्याच्या पोराच्या, दादाच्या अंगात तोच बिघडलेला जीन लपलेला असेल तर त्यांच्या पोरांचं काय होणार? तो शोधायचा तर आधी ताईचा सापडायला हवा. मी आईला म्हणालो, "तू हॉस्पिटलमध्ये नातं नाही असं का सांगितलंस?" आई उसळली, "मग काय सांगू? माझ्या लग्नाने पोरीचे डोळे गेले म्हणून सांगू? ते सांगून गेलेत, मी मोडणार नाही." मी ताट सरकवलं, ओरडलो, नको ते बोललो. ताई आतून भिंत चाचपत आली. म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा निवांत. डोळे माझे, नवरा माझा, पोरं माझी, आणि ठरवणार कोण, तर बाबा! ते येऊन सांगणारेत का आता?" आई रडायला लागली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मी तुला कधी काही म्हणाले का? मला फक्त कळू दे."

हे सगळं आज सकाळचं. तेव्हापासून हा कागद घेऊन बसलोय. तुम्हाला विचारून करावं म्हणून लिहायला घेतलं, असं मी स्वतःला सांगत होतो. पण बाबा, कँटीनमध्ये मी नाही म्हणालो ते तुमचा शब्द राखायला नव्हे. ताईची, आईची, कुणाचीच आठवण मला तेव्हा नव्हती. त्या मुलीने माझ्याकडे मटार सोलणाऱ्या आंटीसारखं बघू नये, एवढंच होतं डोक्यात. अजूनही आहे. ती तोंडावर हसून पाठीमागे सरांना काय सांगेल, उद्यापासून चहाला थांबेल की रिपोर्ट पोस्टाने पाठवेल, माझा तिच्यावर विश्वास नाही. आणि तरी ती पाच वाजेपर्यंत लॅबमध्ये असते, हे मला पाठ आहे.

मी उठलो तशी आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "कुठे निघालास?"

"हॉस्पिटलला."

"सांगणारेस?"

"हो."

ती थोडा वेळ पदराने हात पुसत राहिली. कोरडेच होते हात. मग म्हणाली, "सख्ख्या मामाची म्हणून सांग. उगाच लाजून लांबचं सांगशील, आणि ती पोरगी बिचारी भलतीकडेच शोधत बसेल."

एवढं लिहायला परत टेबलाशी वाकलो. हा कागद पाठवायचा कुठे, म्हणून तो इथेच राहू दे. चपला घालतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.