मागच्या पुठ्ठ्यावरचं नाव

चिऊ,

तू ठेवून गेलेलं कुराण मी रद्दीत घातलं, असं तुला फोनवर सांगितलं होतं. साफ खोटं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या हातांना ते जमलं नाही.

परवा त्याची शिवण उसवलेली दिसली, म्हणून बांधायला घेतलं. सोनेरी नाव उठवलं आणि कपाळावर हात मारला. आत मराठी अर्थ असला तरी ते पुस्तक अरबीप्रमाणे उजवीकडून उघडतं. मी सवयीने मागच्या पुठ्ठ्यावर नाव उठवलं होतं.

तसाच ते पुस्तक घेऊन मशिदीतल्या मास्तरांकडे गेलो, चूक दाखवली. ते कुणालाही बसवून कुराणाचा अर्थ सांगतात.

"मी तुमच्यातला नाही," मी आधीच बजावलं.

"बाइंडर, नवख्याकडून सुरुवातीला असंच होतं. बसा."

त्यांनी पहिल्या सात ओळी समजावल्या. सरळ वाट दाखव, एवढंच मागणं. मीही देवापुढे दुसरं काय मागतो?

"बाबा, एकदा वाचून तर बघा," इस्लाम स्वीकारल्याचं सांगून तू दारात म्हणाली होतीस. मी 'नीघ' म्हणत तुझ्या चपला पुढे सरकवल्या होत्या.

पुठ्ठा बदललाय. हे पत्र टपालात टाकायची हिंमत नाही. वाचून झालेल्या पानात खूण म्हणून ठेवतो. खूण रोज थोडी पुढे सरकेल.

तुझ्या चपला अजून डोळ्यांपुढे असलेला,
बाबा