शुगर पास, डोळा नापास

नांदेड

तीर्थस्वरूप शिवमूर्तीमामांस,

रविकिरणचा शरणार्थ. मामींचे गुडघे, दुकानाचा धंदा आणि तुमचा राग कसा आहे? पहिल्या दोन्हींना बरकत येवो. तिसरा आहे तसाच असणार, हे तुम्ही माझा फोन ज्या वेगानं कापता त्यावरून कळतं. म्हणून पत्र. (हे तुमची सृष्टीच वाचून दाखवत असेल, कारण डोळ्यात कचरा गेलाय असं तुम्ही पोळ्यापासून सांगून राहिलात. निलंग्यात एवढा कचरा येतो कुठून, मामा?)

कॉलेजचा विषय आज नको. सरांची कॉलर धरली, कॉलेज सोडलं, आणि त्याच दिवशी तुमच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर सृष्टीला मागणी घातली, हे सगळं खरं आहे. निदान गिऱ्हाईक जायची वाट पाहायला हवी होती. (सृष्टी, थांबू नको, वाच पुढं.) सध्या मी इथं डोळ्यांच्या दवाखान्याची शिबिराची गाडी चालवतो. गाडीत डोळ्यांच्या डॉक्टर आरती मॅडम असतात. शुगरनं डोळ्याचा पडदा कसा खराब होतो, यावर त्यांचं संशोधन चालतं. जोडीला दुसरंही एक आहे : डॉक्टर लोक कामानं आतून किती थकतात, त्याचं. त्यापायी मी त्यांना उदगीरपासून हदगावपर्यंत डॉक्टरांच्या दारोदार फिरवलं. झोप येते का, पेशंटचा वैताग येतो का, सोडून द्यावंसं वाटतं का, असं त्या विचारायच्या आणि सगळे एकच सांगायचे, "मजेत हाय की मॅडम!" लातूरचे एक डॉक्टर तर मजेत म्हणता म्हणता हातात चहाचा कप धरून झोपले. आम्ही कप काढून घेतला आणि हळूच बाहेर आलो. मला लई हसू आलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि कुठंतरी निघून गेले. घरच्यांनाही पत्ता नाही.

तर परवा लोह्याला शिबिर होतं. पडदा पाहायचा तर आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागतात, आणि मग काही तास सगळं धुरकट दिसतं. हे मी दरवेळी बोंबलून सांगतो. पण तेव्हा रांगेतली माणसं एकमेकांना "तुमची किती आली?" विचारण्यात गुंग असतात. शुगर हो. आपल्याकडं शुगर तपासणं म्हणजे बोर्डाची परीक्षा. तपासणीआधी भात बंद, गोड बंद, वर एखादा उपास. शुगर पास झाली की त्याच संध्याकाळी जिलेबी. (तुम्ही रिपोर्टच्या दिवशी गव्हाची गोड हुग्गी करायला लावता. मी पण दोन वाट्या खाल्ल्यात, म्हणून जास्त बोलत नाही.)

कोंडाबाई नावाच्या म्हातारीला थेंब घातले आणि तिचा पोरगा सटवाजी खवळला. "माय सकाळी धड होती! ह्या बाईनं आंधळी केली तिला!" असं म्हणून तो मॅडमवर धावला. मी मध्ये पडलो. म्हणजे आधी मी त्याला पाडलं, मग त्यानं मला. डोळ्यांच्या शिबिरात माझाच डोळा सुजून वांग्यासारखा झाला. मॅडमनी मला एका कोपऱ्यात बसवलं आणि म्हातारीचा पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग सटवाजीला जवळ बोलावून सांगितलं, थेंबानं काही झालेलं नाही, शुगरनं आत रक्त उतरलंय, पडदा सरकलाय, हा डोळा आता परत येणार नाही.

"पन शुगर तर दर बारीला पास हाय तिची!"

म्हातारी हळूच म्हणाली, "उपाशी राहून जात व्हते बाबा. डाक्टर रागवू नये म्हनून."

सटवाजी तिथंच मातीत बसला. मला त्याला अजून दोन ठेवून द्यायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या.

परतताना मी मॅडमना विचारलं, "सगळ्यांना विचारता, तुम्ही कशा आहात?" म्हणाल्या, "मजेत." आणि उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला. तो थरथरतो. ऑपरेशनं त्यांनी दिवाळीपासूनच सोडलीत, हे मला तेव्हा कळलं. सोमवारपासून त्या रजेवर जातायत, आणि त्यांचं बोलणं परत येणाऱ्या माणसासारखं नव्हतं.

मामींना नमस्कार.

तुमचा,
रविकिरण

ता. क. : मागं तुम्ही बसवण्णांचा हार शेजारच्या कॅलेंडरला घातलात तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता मला हसू येत नाही. मॅडम शुक्रवारी इथं दवाखान्यात शेवटच्या तपासायला बसणार. पुढं लेझरचा उपचार दुसऱ्या डॉक्टरांनी केला तरी चालेल, पण पडदा त्यांनी पाहायला हवा. उपास करू नका. भरपेट जेवून, नापास व्हायलाच या.

आणखी एक ता. क. : (सृष्टी, इथून पुढं मनात वाच. खोकला आल्यासारखं कर.) या पत्रानं ते येणार नाहीत, तुलाही माहीत आहे. त्यांना सांग, तुझ्यासाठी नांदेडचं स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे, शुक्रवारी वडिलांनी आधी मुलगा पाहून जावा म्हणतात. माझी पीडा टळतेय म्हटल्यावर ते पहिल्या एसटीत बसतील. मी स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो. दवाखाना दिसला की मला मारतील, तर मारू दे. पण मुलगा कुठाय म्हणून अडूनच बसले, तर खरंच एखादा चांगला शोधून आणीन. तुझी शपथ. फक्त आधी तो त्यांना नीट दिसला पाहिजे.