सहा नंबरच्या प्रेसचा आवाज

४ मार्च, सोमवार

परत ग्रीस! मेंटेनन्समध्ये येऊन महिना होत आला आणि अजून हातात पाना नाही. ग्रीस गन आणि चिंध्या — बस. फोरमनकाका म्हणतात, "आधी मशिनींशी ओळख तर होऊ दे." किती ओळख? लग्न लावायचंय का!

दादा शेजारच्याच शेडमध्ये सहा नंबरची प्रेस चालवतो. कॅन्टीनमध्ये समोर बसून त्याच्याजवळ कुरकुरले, तर म्हणाला, "घाई कसली? मी कसा लागलो होतो, आठवतंय ना?" हेल्पर म्हणून. आठवतंय. त्याच्याच पगारावर माझा डिप्लोमा झाला. तरी पाय नुसते शिवशिवतात.

६ मार्च, बुधवार

काही नाही. ग्रीस.

११ मार्च, सोमवार

दादाच्या प्रेसजवळून जाताना आवाज आला. दर दणक्यानंतर — कर्र. बारीक, पण नक्की. दादाला विचारलं. कानातले बोळे काढून तो जरा वेळ थांबला. "कुठला आवाज? नवीन आहेस, तुला सगळीकडेच आवाज येणार." बाजूचा ऑपरेटर फिस्सकन हसला.

मीही हसले. आतून धुमसत होते.

१२ मार्च, मंगळवार

आवाज वाढलाय. घरी आले तरी डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना कर्र, केस विंचरताना कर्र. फोरमनकाका आज रजेवर. उद्या सांगू? दादाच्या मशिनीची तक्रार, तीही त्याला डावलून? आणि काही निघालंच नाही तर! वर्षभर चेष्टा. एका जागी बसवत नाही. वहिनी म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

१३ मार्च, बुधवार

सांगितलं.

काका आले, मान तिरकी करून ऐकलं आणि सरळ लाल बटण दाबलं. उघडून बघितलं तर बेअरिंगचा छर्रा फुटलेला. "अजून थोडं चाललं असतं तर शाफ्टच गेला असता," म्हणाले — आणि पाना माझ्या हातात दिला! नट सुटला. माझ्या हातानं सुटला!

तेवढ्यात सुपरवायझर आला. सगळ्यांसमोर दादाला म्हणाला, "शिकाऊ पोरीला ऐकू येतं, आणि तू इतकी वर्षं इथे उभा! झोपा काढतोस का?"

दादा चिंधीला हात पुसत राहिला. मान खाली. मी पाना धरून तशीच उभी.

१५ मार्च, शुक्रवार

दादा माझ्याशी बोलत नाही. जेवताना "दादा, भाजी वाढू?" म्हटलं, तर ताटातून नजरसुद्धा उचलली नाही. वहिनी म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. हल्ली माझ्याशीही असंच. दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा उत्तर."

पण रुसावं तरी किती माणसानं! मशीन वाचवली हा गुन्हा झाला? काकांनी आज पंपाचं काम एकटीला दिलं, नीट झालं, तरी आनंद म्हणून नाही. बाहेर चक्कर मारून आले. परत गेले. परत आले. रविवारी सरळ भांडणार. एक घाव दोन तुकडे.

१७ मार्च, रविवार

दादा गॅलरीत पाठमोरा बसून सायकलची चेन पुसत होता. मागून म्हटलं, "दादा, चुकलं माझं. पण बोल तरी." काही नाही. मोठ्यानं म्हटलं. काही नाही. मग ओरडलेच — रस्त्यावरचा माणूस वर बघायला लागला. दादा चेन पुसतोय.

समोर जाऊन बसले. केवढा दचकला! मग माझ्या ओठांकडे बघत हसला.

"कधी आलीस?"