डब्याच्या ॲपला लावलेलं कुलूप

दापोडी, शुक्रवार

ती. सोजरआत्यास सनीचा सप्रेम जयभीम. गुडघे कसे आहेत? बाबा ठणठणीत आहेत; रिटायर झाले तरी घरातल्या चमच्यांचं इन्स्पेक्शन चालूच आहे. फोन केला नाही, कारण तुझा फोन कायम आयुषच्या हातात, आणि तक्रार त्याचीच आहे.

संत तुकाराम नगरातल्या कुसुमताईंच्या मेससाठी मी वेब ॲप केलं, ते तुला माहीत आहेच. (तू कौतुकही केलंस, काय आहे ते न कळता.) जेवणाऱ्या कामगार पोरांपैकी कोणाची शिफ्ट कोणती, त्यावरून डबा कधी पाठवायचा ते ॲप सांगतं. आता वेब ॲपचा कोड वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जाऊन पडतो. बघणाऱ्याने खुशाल बघावा. तुझ्या चिरंजीवांनी बघितला आणि उचलून पुनावळ्याच्या एका मेसला लावला. खालचं 'निर्मिती: सनी' तेवढंही खोडलं नाही, इतका आळस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी कोड घुसळून टाकणारं सॉफ्टवेअर आणलं. त्याने 'रात्रपाळी', 'डबा' ही सगळी नावं काढून ए, बी, सी केली आणि सगळ्या ओळींची एकच लांबलचक ओळ केली. ॲप चालतं तसंच, पण कोड वाचून दाखवावा कोणी! बाबा मागेच उभे होते. चाकणच्या कंपनीत आयुष्यभर क्वालिटीत काढलेला माणूस. म्हणाले, "नवीन ड्रॉइंग आलं की जुनं त्याच दिवशी फाडायचं. ऑडिटला दोन सापडली की मेलास." मला पटलं. जुना कोड उडवला, लॅपटॉपची कचरापेटीही रिकामी केली. बाबांनी पाठ थोपटली (दहावीनंतर पहिल्यांदाच), त्यामुळे फार बरं वाटलं.

आता सोमवारपासून शिफ्टच्या वेळा बदलतायत. कुसुमताई म्हणतात, ॲपमध्ये बदल कर. मी त्या ओळीकडे नुसता बघत बसलोय; रात्रपाळी कुठे गेली ते मलाच सापडत नाही. सोमवारी पोरं झोपलेली असताना डबे पोचणार, आणि ताईंची मेस बसणार. नोकरी नव्हती तेव्हा त्यांनीच मला जेवू घातलं, आत्या.

तरी आयुषला चांगला दम दे. चोरी ती चोरीच.

तुझा भाचा,
सनी

ता. क. दम देऊ नकोस. त्याने उचलला तो कुलपाआधीचा कोड. पुनावळ्याचं ॲप मीच भांडून बंद करायला लावलं, त्यामुळे वाचता येईल असा तो आता फक्त त्याच्याकडेच आहे. गोड बोलून पेनड्राइव्हवर घे. हवं तर त्याला मटण कर.

ता. क. २ पत्र बाबांच्याच हाती पाठवतोय. ते निघेपर्यंत त्यांना आयुषच्या लॅपटॉपजवळ बसू देऊ नकोस.